उजेडाचा हिवाळा

करडा धोबी आमच्याकडे येतो तेव्हा पाऊस संपलेला नसतो. सप्टेंबर निम्मा सरलेला असतो, गणपती बसलेले किंवा नुकतेच उठलेले असतात, येऊरच्या ओढ्यांना चांगलं पाणी असतं आणि ठाण्या-डोंबिवलीत कुणाच्या मनातही थंडी नसते. अशा दिवसांत ओढ्यातल्या एखाद्या ओल्या दगडावर तो दिसतो. पोट पिवळं, पाठ राखी, अंगाच्या मानाने लांब शेपूट आणि ती सतत वरखाली. हिमालयातल्या किंवा त्याच्याही पलीकडच्या झऱ्याकाठी उन्हाळा काढून, पिल्लं वाढवून तो आलेला असतो. हा पक्षी दरवर्षी नेमक्या त्याच जागी परततो, कधी कधी तर शहरातल्या हिरवळीच्या त्याच छोट्या तुकड्यावर, अशा नोंदी आहेत. एवढ्या मोठ्या उपखंडात एक दगड लक्षात ठेवून येणारं हे वीस ग्रॅमच्या आतबाहेरचं शरीर मला दरवर्षी तितकंच थक्क करतं. माझा हिवाळा त्या दिवशी सुरू होतो. कॅलेंडरवर तो कधी सुरू होतो, याच्याशी मला फारसं देणंघेणं उरलेलं नाही.

२०२४-२५ चा हिवाळा अंगाला असा लागलाच नाही. मोसमी पाऊस मुंबई-ठाण्यातून गेला १५ ऑक्टोबरला, नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा. तो ऑक्टोबर देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण ठरला. दिवाळीत पहाटेच्या अभ्यंगस्नानाला पाणी तापवायचं ते रीत म्हणून, गरज म्हणून नव्हे. ४ डिसेंबरला सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ३७.३ अंशांवर गेला. डिसेंबरमध्ये एवढं ऊन १६ वर्षांत पडलं नव्हतं. मग उत्तरेचा वारा सुटला आणि ९ डिसेंबरला त्याच वेधशाळेने १३.७ अंश नोंदवले. आमच्या डोंबिवली-कल्याणकडे समुद्र लांब, त्यामुळे रात्री आणखी थोड्या गार. गच्चीवर दोनचार सकाळी लोक शाल घेऊन दिसले, आणि संपलं. पुन्हा तोच दमट उबारा. सांताक्रूझलाच २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती. तो हिवाळा पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत, आणि ती शेकोट्यांबद्दल बोलू लागली की घरातल्या लहान मुलांना ते दुसऱ्याच मुलखाचं वर्णन वाटतं.

२०२५ च्या जानेवारीत मी डोंबिवली पश्चिमेला सातपुलाकडे बऱ्याचदा जात होते. उल्हास नदी इथे खाडी झालेली असते. एका बाजूला कांदळवन, मध्ये पाणथळ आणि गवत, पलीकडे इमारतींची रांग. सकाळी उजाडताना गेलं की बोरूच्या बुडाशी शंकर दिसायची शक्यता असते. गळ्यावर निळा पट्टा, त्यात तांबूस ठिपका. हा पक्षी रंग मिरवत नाही, लपवतो. चिखलात चार पावलं पळतो, शेपूट उचलतो, परत बोरूत. त्याच्यासाठी अर्धा तास एका जागी उभं राहावं लागतं, आणि तो अर्धा तास मला दिवसातला सर्वांत सुखाचा वाटतो. वरून दलदलीचा भोवत्या गवतावर अगदी खालून तिरपा तिरपा जातो आणि त्याची सावली पुढे सरकली की टिलवे, तुतारी सगळे एकदम उठतात.

तिथे खाडीवर जाळं घेऊन येणारे एक वयस्क आगरी गृहस्थ भेटायचे. माझ्या गळ्यातली दुर्बीण त्यांच्या ओळखीची झाली होती. एकदा म्हणाले, "ताई, यंदा थंडी परलीच नाय. वालाच्या शेंगा भरल्या नाय, पोपटी कशी लावाची?"

भात निघाल्यावर ओलाव्यावर पेरलेला वाल रात्रीच्या दवावर पोसतो. शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लागते. आगरी-कोळी घरांचा हिवाळा तोच. मी म्हटलं, "मामा, मग पाखरं?"

"पाखरा आलीन," ते म्हणाले. "त्यांचा चुकत नाय."

हे मला अनेक दिवस पुरलं. वालाचं चुकलं, पोपटीचं चुकलं, आमच्या शालींचं चुकलं. पाखरांचं चुकलं नाही. धोबी आले, गप्पीदास आले, माळभिंगऱ्या कल्याण-शीळ रस्त्याच्या तारांवर ओळीने बसल्या, कळव्याच्या खाडीवर लडाख-तिबेटकडच्या पठारांवर पिल्लं वाढवून आलेले कुरव तरंगू लागले. यांना आमची ऊब कळली नाही का? की कळूनही त्यांना तिच्याशी कर्तव्य नव्हतं?

याचं उत्तर शोधायला शंभर वर्षांपूर्वीच्या कॅनडात जावं लागतं. एडमंटन इथे विल्यम रोवन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९२४ च्या शरदात जंको नावाचे चिमणीएवढे पक्षी उघड्यावरच्या मोठ्या पिंजऱ्यांत ठेवले. एका पिंजऱ्यात विजेचे दिवे लावले आणि रोज थोडा थोडा दिवस लांबवत नेला. बाहेर पारा शून्याच्या पार खाली. तरीही दिव्यांखालच्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत उतरला, त्यांची प्रजननेंद्रियं ऐन कडाक्यात वाढू लागली. शेजारच्या पिंजऱ्यात, त्याच थंडीत पण नुसत्या नैसर्गिक उजेडात असलेल्या पक्ष्यांना असं काही झालं नाही. १९२५ साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. पक्ष्याला ऋतू कळतो तो दिवसाच्या लांबीवरून, हे तेव्हापासून पक्कं होत गेलं. पुढे जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी वटवट्यांना वर्षभर एकसारख्या उजेडाच्या खोल्यांत ठेवलं. बाहेरचं जग दिसत नसतानाही निघायचे दिवस आले की ते रात्र रात्र पिंजऱ्यात फडफडत. म्हणजे उजेडाच्या आतही आणखी एक घड्याळ आहे, रक्तातलं. उजेड त्याचे काटे फक्त जुळवतो.

ठाण्यात डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसाला जेमतेम ११ तास उजेड असतो आणि जूनच्या सर्वांत मोठ्या दिवसाला सव्वातेरा. हवेत कितीही कार्बन साठला तरी यात एका मिनिटाचा फरक पडत नाही. सैबेरियाच्या किंवा मध्य आशियाच्या दिवसांतही पडत नाही. तिथे ऑगस्टमध्ये संध्याकाळ भराभर लवकर होऊ लागते आणि गप्पीदास निघतो. त्या वेळी तिकडेही थंडी सुरू झालेली नसते. तो थंडीला भिऊन पळत नाही. थंडी येईल, मग किडे मरतील, मग उपाशी राहावं लागेल, हा सगळा हिशेब त्याच्या पूर्वजांनी कधीच मांडून ठेवला आहे, आणि त्याचं उत्तर म्हणून त्याला एवढंच माहीत आहे की संध्याकाळ अमुक इतकी लवकर झाली की दक्षिणेला निघायचं. डोंबिवलीत पोहोचल्यावर त्याला थंडी हवी असते असं आपण समजतो. त्याला किडे हवे असतात. आपली ऊब त्याच्या मुळीच आड येत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या हिवाळ्यात नव्याने दिसू लागली. थंडी आणि हिवाळा या गोष्टी आजवर एकच होत्या. लहान दिवस आणि गार रात्री हातात हात घालून यायच्या, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे कधी जाणवलंच नाही. आता गार रात्री मागे राहू लागल्या आहेत. लहान दिवस तेवढे वेळेवर येतात आणि त्यांच्याबरोबर पाखरं येतात. आमच्या शहरांत ऋतूचा जो भाग अजून शाबूत आहे, तो या पंखांवर आहे. गच्चीवर शाल घेऊन उभं राहायची वेळ न येताही मला हिवाळा भोगता येतो, तो यांच्यामुळे. याबद्दल मला कृतज्ञता वाटते आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो, कारण वेळेवर येणं हेच पुढे यांच्यावर उलटू शकतं.

नेदरलँड्समध्ये ते उलटलं. तिथला एक काळापांढरा माशीमार पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो आणि उजेडाच्या सांगण्याप्रमाणे घरी निघतो. दरम्यान त्याच्या घरच्या रानात वसंत लवकर तापू लागला, पानं लवकर फुटली, पानांवरच्या अळ्या लवकर झाल्या आणि लवकर संपल्या. पक्षी वेळेवर पोहोचला, पण जेवण उठून गेलं होतं. ख्रिस्तियान बोथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की जिथे अळ्यांचा बहर सर्वांत लवकर येतो तिथे या पक्ष्याची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली. भोपरच्या टेकडीवर गवताच्या काडीवर डोलणाऱ्या गप्पीदासाकडे पाहताना मला त्या माशीमाराची आठवण होते. गप्पीदासाच्या घरी यंदा बर्फ कधी वितळणार, हे त्याला डोंबिवलीत बसून कळायला काहीच मार्ग नाही.

सगळेच पक्षी असे उजेडाने बांधलेले नाहीत. बदकांचं निराळं. त्यांना पाणी गोठलं की हलावं लागतं, नाही गोठलं तर ती हलत नाहीत. उत्तर युरोपात हिवाळे सौम्य झाले तशी काही जातींची बदकं पूर्वीपेक्षा उत्तरेलाच मुक्काम करू लागली, हे तिथल्या गणनांमध्ये स्वच्छ दिसलं आहे. आमच्याकडे निळजे तलावावर किंवा ठाण्याच्या खाडीत थापट्या आणि तलवार बदक कमी दिसले की मी आधी वर कुठे पाणी मोकळं राहिलं असेल का, असा विचार करते. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. कमी दिसण्याला इथलीही कारणं असतात आणि ती उत्तरेवर ढकलून देणं सोपं असतं.

आणि रोहित तर तिसऱ्याच हिशेबाने चालतो. ठाणे खाडीत हजारोंनी उतरणारे रोहित बहुतांशी गुजरातेकडून येतात. कच्छच्या रणातलं पाणी आटू लागलं की ते इकडे सरकतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये सहा रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली, तेव्हा ही ये-जा नकाशावर रेषेसारखी उमटली. त्यातल्या एकाचं नाव हुमायून ठेवलं होतं, संस्थेचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. रोहिताला आपल्या थंडीशीही घेणं नाही आणि दिवसाच्या लांबीशीही फारसं नाही. त्याला उथळ पाणी आणि त्यातलं शेवाळ हवं. ठाणे खाडीचा जवळपास १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर हे राज्यातलं तिसरं रामसर स्थळ. खाडीत पक्षी पाहायचे तर घड्याळाऐवजी भरतीचं वेळापत्रक पाहावं लागतं, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच खेपेला कळतं. उधाणाच्या भरतीला चिखल बुडतो आणि सगळे पक्षी काठाला येतात, तेव्हा जवळून दिसतात. भांगाच्या भरतीला पाणी अर्ध्यातच थांबतं आणि पाखरं लांब लांब चिखलावर विखरून चरत राहतात.

म्हणून उबदार हिवाळ्यात पक्षी आले का, हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. येणारे येतातच. त्यांना इथे काय मिळालं, हे विचारायला हवं. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, संध्याकाळी माणसांनी फुललेले हे सुंदर काठ मलाही आवडतात. पण त्यांना चहूबाजूंनी दगडी बांध घातला आहे. तुतारी पाण्यात पोहत नाही आणि दगडावर तिचं पोट भरत नाही. तिला पाण्याची आणि जमिनीची ती हातभर रुंद, मऊ, घाण दिसणारी सीमारेषा लागते, जी तलाव सुशोभित करताना सर्वांत आधी जाते. ती रेषा गेली की मग थंडी दहा अंश पडो की वीस, तुतारीला तो तलाव नसल्यासारखाच.

त्याच हिवाळ्यातला, २०२५ चा फेब्रुवारी आठवतो. २५ तारखेला सांताक्रूझला ३८.७ अंश. कोकणात फेब्रुवारीत उष्णतेची लाट, असं हवामान खात्याने जाहीर केलं होतं. सरासरी तापमान पाहता तो १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. आपण पंखे वाढवले, उसाच्या रसाची गुऱ्हाळं आधीच सुरू झाली. पण पाखरांच्या वर्षात फेब्रुवारी-मार्च हा शिदोरी बांधायचा काळ. निघण्याआधी लहान पक्षी अंगात चरबी साठवतात. लांबचा पल्ला असलेल्या काही जातींचं वजन त्या काही आठवड्यांत निम्म्याने वाढतं, काहींचं त्याहूनही अधिक. ही चरबी म्हणजेच वाळवंटं आणि डोंगर ओलांडायचं सगळं इंधन. ती साठवायची तर याच दिवसांत भरपूर किडे, ओल, गवत हवं. आणि याच दिवसांत डबकी महिनाभर आधी आटतात, गवत कोळपतं.

कोळपलेल्या गवताला आग लागते. डोंबिवलीजवळच्या उंबार्लीच्या टेकडीवर आणि आजूबाजूच्या माळांवर फेब्रुवारी उजाडला की वणव्यांची धास्ती सुरू होते. तिथे झाडं लावणारी, पाखरांसाठी पाणी भरून ठेवणारी माणसं आहेत. नोकऱ्या सांभाळून, रविवार घालवून ती हे करतात, आणि धूर दिसला की झाडाच्या फांद्या घेऊन धावतात. मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. जळलेल्या उतारावरून चाललं की पायाखाली काळी भुकटी उडते आणि कालपर्यंत जिथे गप्पीदास, चंडोल होते तिथे फक्त कोतवाल आणि घारी दिसतात, होरपळून बाहेर पडलेले किडे टिपायला जमलेल्या. गवताळ माळ हा आपल्याकडे पडीक समजला जातो. झाड कापलं तर चार जण तरी हळहळतात. गवत जळलं तर कुणाच्या लेखी काही जळलेलंच नसतं.

भोरड्या तेवढ्या त्या उन्हाळ्यातही मजेत दिसल्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना थव्यांनी फिरतात. सावर आणि पांगारा फुलले की त्यांच्या लाल फुलांत तोंडं घालून मध पितात, तोंडाला परागांचा पिवळा शेंदूर फासून घेतात आणि अखंड कलकलत राहतात. कल्याणला एका पांगाऱ्याखाली उभं राहून मी त्यांना पाहत होते, तर शेजारच्या इमारतीतल्या एक आजी खाली आल्या. म्हणाल्या, "दरवर्षी येतात हो. माझे मिस्टर होते तेव्हा ते वाट पाहायचे यांची. आता मी पाहते." एप्रिलमध्ये भोरड्या मध्य आशियाकडे निघतात, जिथे टोळ आणि नाकतोडे उठतील तिथे घरटी करायला. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "वाटेत पाणी मिळतं का त्यांना?" पक्षिशास्त्राचे मोठे मोठे प्रकल्प याच प्रश्नाचा शोध घेत आहेत.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपापल्या परिसरातले पक्षी मोजतात. भारतात ही गणना २०१३ पासून होते, आणि २०२५ मध्ये ती १४ ते १७ फेब्रुवारीला झाली. मीही सातपुलाला मोजले. तशा लाखो याद्यांवरून २०२३ चा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. ज्या ३३८ जातींबद्दल दीर्घकाळाचा कल सांगता आला, त्यांतल्या २०४ जाती घटलेल्या निघाल्या. अशा अहवालात आमच्या खाडीचा वाटा फार लहान असतो, पण असतो. एका उष्ण वर्षातल्या एका यादीवरून काही कळत नाही, वीस वर्षांच्या याद्यांवरून कळतं. म्हणून पक्षी कमी दिसले त्या दिवशीची यादी मी अधिक काळजीने लिहिते.

आणि मोजणी फेब्रुवारीत संपवूनही चालत नाही. मे महिन्यात, घामाने डोळे झोंबत असताना, खाडीच्या चिखलावर काही टिलवे आणि तुतवार अजूनही चरत असतात. ही बहुधा गेल्या उन्हाळ्यात उत्तरेला जन्मलेली पोरं. किनाऱ्यावरच्या अनेक जातींची पहिल्या वर्षातली पाखरं परतीचा प्रवास करतच नाहीत, हिवाळ्याच्या मुक्कामीच थांबतात. त्यांचा पूर्ण उन्हाळा आणि पावसाची सुरुवात इथे जाते, आणि जुलै संपता संपता उत्तरेतून मोठी परतू लागतात तेव्हा ती त्यांना येऊन मिळतात. म्हणजे या चिखलावर हिवाळी पाहुणे नसतील असा महिना वर्षात शोधूनही सापडणार नाही. भरावाचे डंपर मात्र मार्च ते मे यांतच जास्त येतात, कारण तेव्हा पाणी आटलेलं असतं, जमीन चाकं पेलते, आणि पाणथळीकडे पाहणाऱ्याला ती रिकामी वाटते.